उसण गेली, स्नायू मात्र परतला नाही

वाकून बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली. शेक घेतला, मलम चोळलं, चार-आठ दिवसांत माणूस कामाला लागला. काही महिन्यांनी पुन्हा तेच. असं का होतं?

मणक्यांना अगदी खेटून 'मल्टिफिडस' हा स्नायू असतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधक ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 जणांचा हा स्नायू सोनोग्राफीने मोजला. दुखऱ्या बाजूला तो बारीक झाला होता. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं थांबलं, पण ज्यांनी खास व्यायाम केला नव्हता त्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही भरून आला नव्हता. वर्षभरात त्यांच्यातल्या 84 टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम केलेल्यांत हेच प्रमाण 30 टक्के होतं.

त्याच विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आपण झटकन हात वर करतो तेव्हा खांद्याच्या स्नायूच्याही आधी पोटाचा सर्वांत आतला, पट्ट्यासारखा स्नायू आवळला जातो. हात हलण्याआधीच कंबर सावरलेली असते! जुनी कंबरदुखी असलेल्यांत हा पट्टा उशिरा आवळत होता. म्हणजे प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही, वेळ साधण्याचाही आहे.

पोटाचा हा पट्टा हाताला जाणवतो. उताणे झोपा, गुडघे वाकवा, कंबरेच्या पुढच्या हाडांच्या किंचित आत दोन बोटं ठेवा. श्वास न रोखता ओटीपोट हलकेच आत घ्या. बोटांखाली मंद ताण आला की जमलं. पोट फुगून बोटं वर ढकलली गेली तर जोर जास्त होतोय. दहा सेकंद धरा, सोडा. पुढे हाच ताण उभं राहताना, वाकताना साधायला शिकायचं.

पण एवढ्या एकाच स्नायूच्या मागे लागू नये, असं मला मनापासून वाटतं. जुनाट कंबरदुखीत हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरत नाहीत, असं पुढच्या मोठ्या आढाव्यांत दिसलं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातच 701 जणांवर झालेल्या अभ्यासात तर साधं चालणं पारखलं गेलं. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवलेल्यांची कंबर पुन्हा दुखायला साधारण 208 दिवस लागले, इतरांची 112 दिवसांत.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.