गुरखे, पठाण आणि व्हाइट हाउसमधल्या टेप

जॉन फॉस्टर डलेस हे १९५० च्या दशकातले अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या हवाल्याने त्यांचा एक किस्सा सांगितला जातो. कम्युनिस्टांविरुद्ध आशियात लष्करी आघाडी उभारायची तर खरे लढवय्ये हवेत, आणि आशियात लढू शकतात ते फक्त पाकिस्तानी, असं डलेस म्हणाले. गुरख्यांशिवाय आपलं चालायचं कसं, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. गुरखे पाकिस्तानी नाहीत, हे लिपमननी लक्षात आणून दिलं. डलेसना त्याने काही फरक पडला नाही. १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला आणि सप्टेंबरात पाकिस्तानने ‘सीटो’ या आग्नेय आशियातल्या कम्युनिस्टविरोधी लष्करी आघाडीच्या करारावर सही केली.

किस्स्याला तिखटमीठ लागलं असेलही. त्यामागची समजूत मात्र खरी होती आणि ती उसनी होती. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जमातींची ‘लढवय्या’ आणि ‘बिनलढवय्या’ अशी वाटणी केली. पंजाबी, पठाण, गुरखे शूर. बंगाली बाबू बायकी. महाराष्ट्राला या सिद्धान्ताचा फटका चांगलाच ठाऊक आहे: पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश फौजेत लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात याच विचाराने बंद झाली. ब्रिटिश गेले, पण त्यांची ही वर्गवारी वॉशिंग्टनच्या फायलींत जाऊन बसली.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत काही इतिहासकार परराष्ट्र खात्याच्या तारा आणि टिपणं वेगळ्या नजरेने वाचू लागले. काय ठरलं याच्या जोडीला कोणत्या विशेषणांत ठरलं, तेही ते पाहतात. पाकिस्तानी सेनापतींबद्दल शब्द येतात ते सरळ, मर्दानी, एकदेवपूजक. सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकलेले अयूब खान अमेरिकन अधिकाऱ्यांना आपल्यातलेच वाटत. नेहरू आणि कृष्ण मेनन यांच्या वाट्याला येतात ते हळवे, चटकन दुखावणारे, प्रवचनं झोडणारे असे शब्द. त्या काळात ही विशेषणं बायकांसाठी राखीव असत. त्यात धर्माची भर. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या डलेसना जग पाप-पुण्यात विभागलेलं दिसे; जून १९५६ च्या भाषणात त्यांनी अपवाद वगळता तटस्थतेला अनैतिकच ठरवून टाकलं. अलिप्ततेमागे नवस्वतंत्र देशाचा साधा हिशोब असू शकतो, हे त्या चौकटीत बसतच नव्हतं.

वर्णाचा प्रश्न तर घरातच होता. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या दालनातून उठवून वेगळं बसवण्यात आलं. खुद्द डलेसना दिलगिरी व्यक्त करावी लागली. अशा प्रसंगांची किंमत अमेरिकन सरकारला कळत होती. शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात डिसेंबर १९५२ मध्ये न्याय खात्याने सर्वोच्च न्यायालयात लेखी म्हणणं मांडलं, त्यात वर्णभेदामुळे कम्युनिस्ट प्रचाराला आयतं खाद्य मिळतं, असा मुद्दा होता. एरवी देशांतर्गत धोरण परराष्ट्र धोरणाला वळण देतं असं आपण मानतो. इथे गंगा उलटी वाहिली.

पण फायलींतले शब्द तोलूनमापून लिहिलेले असतात. बंद दाराआडचं बोलणं ऐकायला मिळालं तर? फेब्रुवारी १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी आपल्या कार्यालयात आवाजाने चालू होणारी ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवली आणि पुढच्याच महिन्यात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. अभ्यासकांसाठी इतका भीषण आणि इतका नेमका योग दुसरा नाही. या टेपमध्ये इंदिरा गांधींना दिलेल्या शिव्या आहेत. भारतीय स्त्रियांच्या रूपाविषयी निक्सननी काढलेले किळसवाणे उद्गार आहेत. ते पूर्णपणे खुले व्हायला २०२० उजाडावं लागलं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शिव्या म्हणजे धोरण नव्हे. चीनशी गुप्त बोलणी चालली होती ती पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्या मार्फत. त्यांना दुखावणं अमेरिकेला परवडणारं नव्हतं. मग पूर्वग्रह मध्ये कशाला आणायचा?

तारखा बघू. निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानमार्गे बीजिंगला जाऊन आले. त्यानंतर चीनशी थेट बोलता येत होतं, मध्यस्थाची गरज उरली नव्हती. तरीही डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध पेटल्यावर ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकन विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली आणि आपल्याच कायदेतज्ज्ञांचा इशारा डावलून जॉर्डन, इराणमार्फत पाकिस्तानला लढाऊ विमानं मिळावीत म्हणून खटपट झाली. मित्राला आपण सोडत नाही हे चीनला दाखवायचं होतं, असा निक्सन-समर्थकांचा खुलासा आहे. तो अगदीच पोकळ नाही. मात्र भारत आता पश्चिम पाकिस्तानही गिळणार, ही भीती त्या खोलीत इतक्या सहज का पटली, याचं उत्तर त्या खुलाशात नाही. समोरची बाई कपटी आहे हे आधीच ठरलेलं असलं, की तिच्या प्रत्येक हालचालीत कपट दिसतं.

मला तर त्याहून बोलका पुरावा वाटतो तो अमेरिकन अधिकाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीचा. ६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातून तिथले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी वीस अमेरिकनांच्या सह्यांची निषेधाची तार पाठवली. कत्तलीबाबत आपलं सरकार नैतिक दिवाळखोर ठरलं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ब्लड जागेवर हजर होते. त्यांची माहिती बिनचूक होती. वॉशिंग्टनने ती खोडून काढली नाही. किसिंजरनी त्यांना माथेफिरू ठरवलं आणि त्यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. दिल्लीतले राजदूत केनेथ कीटिंग निक्सन यांच्याच पक्षाचे माजी सिनेटर, पण तेही भारतीयांच्या नादी लागलेले म्हणून टवाळीचा विषय बनले. म्हणजे बाईपण-पुरुषपणाची ही फूटपट्टी स्त्रियांपुरती नव्हती. कत्तल पाहून हेलावणारा अधिकारी ‘मऊ’, आणि मऊ माणसाचा अहवाल कच्चा. कोणती माहिती वजनदार आणि कोणती रडगाणं, हे ठरवणारी ती चाळणी होती. राष्ट्रहिताचा हिशोब मांडला जातो तो या चाळणीतून खाली आलेल्या माहितीवरच.

ही चाळणी बदलू शकली असती अशी माणसं त्या खात्यात मोजकीच होती. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत लग्न केलेल्या बाईने राजीनामा द्यायचा, ही रूढी १९७१ सालीही चालू होती. ती मोडली १९७२ मध्ये, तीही खात्यातल्याच बायकांनी भांडून.