विंचवाने झाकलेला गुडघा

वेचणीच्या दिवसांत आजीला कापसाच्या ढिगात विंचू डसला. परभणीकडचं आमचं गाव. दवाखान्यातून आल्यावरही ती रात्रभर मनगट आवळून बसली. पहाटे म्हणाली, "गुडघा हाय का न्हाई, रातभर कळलंबी न्हाई." रोज निर्गुडीचा शेक मागणारा गुडघा!

मोठी वेदना लहानीला झाकते, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसनेही लिहून ठेवलंय. 1979 मध्ये पॅरिसचे संशोधक ल बार्स यांनी आणि सहकाऱ्यांनी ते उंदरांत पाहिलं. पंजाची वेदना वाहणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी, शेपटीला किंवा तोंडाला वेदना देताच मंदावल्या. दुखऱ्या जागी चोळल्याने बरं वाटतं ते वेगळं. इथे दुसरी वेदना शरीरात कुठेही असली तरी चालते.

माणसाच्या मज्जारज्जूत सुई कशी घालणार? मग असं करतात. हातावर तापणारी छोटी पट्टी ठेवून, शंभरपैकी साठ दुखेल इतकी उष्णता ठरवायची. नंतर दुसरा हात बर्फाच्या पाण्यात. आधी नुसता गारठा, परभणीतल्या डिसेंबरच्या पहाटेसारखा. थोड्याच वेळात हाडापर्यंत ठणका. पाणी सतत ढवळावं लागतं, नाहीतर हाताभोवती कोमट थर साचतो. आता तीच उष्णता पुन्हा द्यायची. माणूस साठऐवजी चाळीस म्हणाला, तर वीसने वेदना दबली.

पण खरंच दबली, की लक्ष बर्फाकडे गेलं? मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. म्हणून कोमट पाण्यात हात घालूनही तुलना करतात. 1984 मध्ये विलेर, रोबी आणि ल बार्स यांनी तर माणसाच्या सांगण्यापलीकडचं मोजलं. घोट्यामागच्या नसेला विजेचा झटका दिला की मांडीमागचा स्नायू आपोआप आखडतो. हात वेदना होईल इतक्या गरम पाण्यात असला, की तो आखडणंही कमी झालं. पाणी जितकं चटका देणारं, तितका परिणाम जास्त. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांत मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे ब्रेक लावणारा निरोप मेंदूच्या देठापर्यंत जाऊन खाली येतो.

दुखण्यावर बिब्ब्याचा डाग देण्याची रीत आपल्याकडे होती, तिला यातून आधार शोधू नका. हा परिणाम सहसा काही मिनिटांत ओसरतो. भाजलेली कातडी मात्र तशीच राहते.

सगळ्यांचा ब्रेक सारखा नसतो. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्या आजाराच्या, अनेक रुग्णांत तो कमजोर आढळतो. मधुमेहाने नसा दुखणाऱ्यांवरच्या 2012 च्या एका अभ्यासात, ज्यांचा ब्रेक कमजोर होता त्यांनाच ड्युलोक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाचा जास्त गुण आला. कोणाला कोणतं औषध लागू पडेल, हे एक दिवस बर्फाची बादली सांगू शकेल, अशी मला मनापासून आशा आहे. स्वीडनमध्ये 2000 साली खुब्याचा सांधा झिजलेल्या रुग्णांची अशीच तपासणी झाली. शस्त्रक्रियेआधी त्यांच्यात ब्रेक लागतच नव्हता. सांधा बदलून दुखणं गेलं, आणि तो पुन्हा लागू लागला.