दुसरी लाईन घेतली, तरी नेट बंद का पडतं?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी मध्यम फौंड्री घ्या. कास्टिंग भरून ट्रक गेटवर उभा आहे, पण नेट नसल्यामुळे ई-वे बिल निघत नाही. मालक वैतागलेत: दोन कंपन्यांच्या लाईन घेतल्या, दोन महागडे स्विच बसवले, मग बंद पडतंच कसं? प्रश्न रास्त आहे. दुसरी लाईन विकत मिळते. पहिली गेली हे ओळखून दुसरीकडे वळणं मात्र कॉन्फिगर करावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला बाहेर जाण्यासाठी एकच पत्ता ठाऊक असतो, डिफॉल्ट गेटवे. तो गप्प झाला की शेजारी दुसरा धडधाकट स्विच असला, तरी कॉम्प्युटर आपणहून त्याला विचारायला जात नाही. यासाठी व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन स्विचनी मिळून एकच गेटवे चालवायची ठरलेली पद्धत, १९९८ मध्ये आली. सिस्कोचा एचएसआरपी त्याच जातकुळीतला.

समजा, दोन लेयर-थ्री स्विच आहेत, म्हणजे राउटरचंही काम करणारे, आणि प्रत्येकाला एकेक लाईन जोडली आहे. एकाचा पत्ता १९२.१६८.१०.२, दुसऱ्याचा १९२.१६८.१०.३. कॉम्प्युटरना मात्र १९२.१६८.१०.१ हा तिसराच, आभासी पत्ता द्यायचा. पहिल्या स्विचची प्रायॉरिटी ११०, दुसऱ्याची १००. मोठ्या आकड्याचा तो मास्टर, दुसरा बॅकअप. आभासी पत्त्याच्या वतीने तोच उत्तरं देतो. या पत्त्याचा मॅक ॲड्रेसही, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांकही, आभासी असतो. मास्टर बदलला की तो नव्याकडे जातो आणि कॉम्प्युटरना कशाचा पत्ताही लागत नाही.

मास्टर दर सेकंदाला 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवतो. बॅकअप तीन सेकंद वाट पाहतो, आणि वर थोडी आणखी. ही 'थोडी' मोजायची रीत अशी: २५६ मधून आपली प्रायॉरिटी वजा करायची आणि २५६ ने भागायचं. १०० प्रायॉरिटीला ०.६१ सेकंद येतात, म्हणजे एकूण ३.६१. बॅकअप दोन-तीन असतील, तर ज्याची प्रायॉरिटी जास्त त्याचा वेळ आधी संपतो, आणि सगळे एकदम उठून गोंधळ घालत नाहीत. मला तरी ही या प्रोटोकॉलमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आता खरी गोम. बाहेर कुठेतरी जेसीबीने फायबर तोडली. स्विच मात्र ऑफिसातल्या मीडिया कन्व्हर्टरला, म्हणजे फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणाऱ्या डब्याला, जोडलेला आहे आणि तो पोर्ट हिरवाच आहे. स्टॅटिक राउट (हाताने लिहून ठेवलेला मार्ग) जागेवर, मास्टर जिवंत, दर सेकंदाला 'मी आहे' चालूच. बॅकअपला उठायचं कारणच नाही. सगळे दिवे हिरवे आणि नेट ठप्प!

यावर उपाय ट्रॅकिंगचा. स्विचने बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करत, म्हणजे 'आहेस का' विचारत, राहायचं आणि उत्तर थांबलं की आपली प्रायॉरिटी स्वतःच कमी करायची. किती, हे महत्त्वाचं. ११० मधून १० कमी केले, तर दोघेही १०० वर येतात, आणि बरोबरी झाली तर बॅकअप जागचा हलत नाही. २० कमी केले की ९० होतात, मग काम होतं.

लाईट ये-जा करत असेल, तर आणखी एक सेटिंग बघून घ्या. चालू होताच जुना मास्टर सूत्रं परत घेतो. व्हीआरआरपीत हे मुळातच तसं असतं. पण ओएसपीएफसारखा राउटिंग प्रोटोकॉल चालू असेल, तर शेजाऱ्यांकडून मार्ग शिकायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात आलेली पॅकेट वाया जातात. म्हणून प्रीएम्प्टला, म्हणजे सूत्रं परत घेण्याच्या या सेटिंगला, एखाद-दोन मिनिटांचा डिले द्यावा.

यातलं काहीच उपयोगी पडत नाही, जर दोन्ही लाईन एकाच चरातून येत असतील. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. म्हणून करारावर सही करण्याआधी दोन्ही कंपन्यांना फायबरचा मार्ग नकाशावर दाखवायला सांगा. एक फायबर असेल, तर दुसरी लाईन रेडिओची, म्हणजे बिनतारी, घेतलेली बरी.

चाचणी सुट्टीच्या दिवशी करा. मुख्य स्विचची पॉवर काढून पाहणं सोपं, त्यात बहुतेक सगळे पास होतात. पॉवर चालू ठेवून मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची, कंपनीच्या बाजूची फायबर काढा आणि कॉम्प्युटरवर पिंग लावून ठेवा. ट्रॅकिंगने ठरवलेल्या वेळात पिंग परत सुरू झाली तर ठीक. नाही झाली, तर आधी ट्रॅकिंगची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये आहे का ते बघा.