नदी वळवली, मग बाग केली

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. साधारण 10 एकरांची ही बाग 2006 मध्ये खुली झाली. पुणेकरांना तिच्यातली तळी, रंगीत मासे, लाकडी पूल आणि कातरलेली झुडपं पाठ आहेत. ती ज्या बागेवरून बेतली, त्या ओकायामाच्या कोराकुएनची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ती गोष्ट फुलाझाडांपेक्षा पुराच्या पाण्याची जास्त आहे.

पश्चिम जपानमधल्या ओकायामा शहरातून असाही नदी वाहते. सोळाव्या शतकाच्या शेवटी उकिता हिदेइए या सरदाराने तिथे किल्ला बांधला. 1597 मध्ये तो पुरा झाला. काळ्या लाकडी भिंतींमुळे लोक त्याला आजही 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात. किल्ल्याला खंदक हवा म्हणून हिदेइएने नदीच वळवून तटाभोवती आणली. संरक्षणाची सोय झाली, पण सरळ वाहणाऱ्या नदीला ऐन शहरात कोपर पडलं. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. 1654 च्या महापुरात शहराची दैना झाली, आणि तोवर सत्ता इकेदा घराण्याकडे आली होती.

पुराचं जादा पाणी शहराच्या वरच्या अंगालाच बाजूला काढायचं, ही कल्पना कुमाझावा बानझान या विद्वान कारभाऱ्याची. ती प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादाने. हा माणूस मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. समुद्र हटवून त्याने भातखाचरं केली, सामान्य रयतेच्या मुलांसाठीची शिझुतानीची शाळा उभारली, आणि ह्याक्केनगावा हा पुराचा कालवा खणला. त्याच्या बंधाऱ्याची रुंदी शंभर केन, म्हणजे सुमारे 180 मीटर, त्यावरून हे नाव पडलं. 1686 च्या सुमारास कालव्याचं काम संपलं. त्यानंतर, 1687 मध्ये, जहागिरीचा धनी इकेदा त्सुनामासाने याच नागातादाला किल्ल्याच्या मागे, नदीपल्याडच्या सखल जमिनीवर बाग करायला सांगितलं. 1700 मध्ये तिचा आराखडा पूर्ण झाला.

कोराकुएनमध्ये फिरताना पाणी एवढं का जाणवतं, याचं उत्तर इथे मिळतं. ही बाग पाटबंधारे बांधणाऱ्याच्या हातची आहे. एकेकाळी असाहीच्या वरच्या अंगाहून, सुमारे चार किलोमीटरांवरून, पाट काढून पाणी इथे आणलं जाई. ते बागेतून अरुंद ओहोळ होऊन वळणं घेत जातं, मध्येच तळ्यात विसावतं, पुन्हा पुढे निघतं. बागेत र्युतेन नावाचं एक विसाव्याचं घर आहे. त्याला भिंती नाहीत, आणि ओहोळ थेट त्याच्या जमिनीमधून वाहतो. पाण्यात मोजके रंगीत दगड मांडलेले आहेत. काठाच्या फळ्यांवर बसलं की पाय पाण्याच्या हातभर वर लोंबतात आणि वाहत्या पाण्याचा आवाज छपराखाली घुमतो.

जपानी बाग म्हटलं की अनेकांना क्योतोतल्या झेन मंदिरांतली पांढऱ्या खडीची, दगडांची कोरडी बाग आठवते. र्योआनजीतले 15 दगड तर जगप्रसिद्ध आहेत. ती परंपरा वेगळी. तिथे ओसरीवर बसून बघायचं असतं. कोराकुएन ही एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, सरदारांची, चालत बघायची बाग आहे. पायवाट मुद्दाम वळवलेली असते, म्हणजे तळं एकदम सगळं दिसत नाही. पाइनचं झाड ओलांडलं की बेट दिसतं, आणखी वीस पावलांवर ते लपतं आणि पलीकडचा किल्ला वर येतो. किल्ला आणि मागची मिसाओ टेकडी बागेच्या हद्दीत नाहीत, पण चित्रात आहेत. याला जपानीत 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. बाग सपाट होती, म्हणून त्सुनामासाचा मुलगा त्सुगुमासा याने मधोमध सहाएक मीटर उंचीची युइशिनझान टेकडी रचली. तिच्या माथ्यावर उभं राहिलं की सारा ओहोळ नकाशासारखा उलगडतो.

बागेत भातखाचर आणि चहाचा मळाही आहे. जूनमध्ये तिथे आजही लावणी होते. सरदाराच्या बागेत चिखल आणि रोपं पाहून मला फार बरं वाटतं. पूर्वी या बागेला नुसतं 'मागची बाग' म्हणत, किल्ल्याच्या मागची म्हणून. ठरावीक दिवशी रयतेलाही आत सोडत. कोराकुएन हे नाव 1871 चं. अकराव्या शतकातल्या फान चोंगयेन या चिनी विद्वानाच्या वचनावरून ते घेतलं: आधी जगाची चिंता वाहावी, सुख जगाच्या मागून घ्यावं. 'कोराकु' म्हणजे मागून घेतलेलं सुख. 1884 मध्ये बाग प्रांताच्या ताब्यात गेली आणि सर्वांना खुली झाली. कानाझावाचं केनरोकुएन, मितोचं काइराकुएन आणि हे कोराकुएन या जपानच्या तीन थोर बागा मानल्या जातात.

पाण्याने मात्र एकदा डाव साधलाच. 1934 च्या सप्टेंबरातल्या वादळात असाही बागेत शिरली. 29 जून 1945 च्या हवाई हल्ल्यात किल्ला आणि बागेतल्या बहुतेक इमारती जळाल्या. र्युतेन वाचलं. त्यानंतर इथे काही काळ अमेरिकी सैन्याच्या वसाहती होत्या. इकेदा घराण्याने बागेची तपशीलवार चित्रं काढून जपली होती. त्यांवरून पुन्हा एकेक कोपरा बांधला गेला. झाडं कुठे होती, छप्पर कसं होतं, हे अंदाजाने ठरवावं लागलं नाही. किल्लाही 1966 मध्ये पुन्हा उभा राहिला, यावेळी काँक्रीटचा.

एदो काळापासून बागेत लाल माथ्याचे क्रौंच पाळत. युद्धानंतर ते उरले नाहीत. चिनी लेखक क्वो मोरुओ तरुणपणी ओकायामात शिकले होते. 1956 मध्ये त्यांच्याकडून दोन क्रौंच भेट आले. आता नव्या वर्षाच्या दिवशी ते हिरवळीवर मोकळे फिरतात. ही विस्तीर्ण हिरवळसुद्धा कोराकुएनची ओळख आहे. दर फेब्रुवारीत ती पेटवून काळी करतात, म्हणजे कीड मरते आणि नवं गवत एकसारखं उगवतं.

पुण्याच्या बागेतलं पाणीही शेजारच्या कालव्यातून येतं. पुन्हा तिथे गेलात तर तळ्यापाशी लगेच थांबू नका. आधी ओहोळाच्या उलट दिशेने, ते पाणी आत येतं त्या टोकापर्यंत चालत जा.