ढेप का पाघळते?

दिवाळी सरली की संकेश्वर, हुक्केरीकडची गुऱ्हाळं पेटतात आणि हमरस्त्यालगत पाट्या दिसू लागतात: ‘शंभर टक्के केमिकल फ्री गूळ’. रंग उजळावा म्हणून काही जण घालतात ती हायड्रॉस पावडर यात नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. हायड्रॉस नको, हे रास्तच आहे. पण गूळ स्वतःच रसायनांचा बनलेला असतो.

उसाचा रस हे मिश्रण. पाणी, साखर, थोडी आम्लं, प्रथिनं, क्षार. प्रमाण लागणीच्या उसात वेगळं, खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात) वेगळं. त्यातली साखर, म्हणजे सुक्रोज, हे मात्र संयुग. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११ अणू. ऊस हिरण्यकेशीकाठचा असो की ब्राझीलचा, एका अणूचा फरक नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही मूलद्रव्यं, आणि त्यांतलं एकही गोड नाही.

मिश्रणातलं पाणी उकळून काढता येतं, साखर मागे राहते. पण सगळी तशीच राहत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. रस किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण ५.३. आम्ल आणि उष्णता मिळाली की सुक्रोजचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. ३४२ ग्रॅम सुक्रोज, १८ ग्रॅम पाणी. हाती येतं १८० ग्रॅम ग्लुकोज, १८० ग्रॅम फ्रुक्टोज. दोघांतही कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. फक्त अणूंची जोडणी निराळी, म्हणून संयुगं दोन. सुक्रोजचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, पातळी उजवीकडे वळवतं, तर सगळं सुक्रोज दुभंगल्यावर तेच द्रावण ती डावीकडे वळवतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पोलॅरिमीटर हे वळणच मोजतो.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही दोन्ही सुक्रोजचे स्फटिक नीट धरू देत नाहीत. फ्रुक्टोज तर हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात ढेप पाघळते. गूळ बसला नाही की कुणाची तरी दृष्ट लागली, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांनी तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस बघावा: त्यातलं सुक्रोज काहिलीत पडण्याआधीच दुभंगू लागलेलं असतं. गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो ती मळी वर यावी म्हणून, तशीच आम्लता उतरून हे दुभंगणं मंदावावं म्हणूनही.

काकवीचं गणित उलटं. बरणीत तिचे खडे धरू नयेत म्हणून सुक्रोज थोडं दुभंगलेलंच हवं असतं, आणि त्यासाठी तिच्यात मुद्दाम सायट्रिक आम्ल घालतात.