हनी वॅक्स की रिका वॅक्स? डब्यावरचे चित्र सोडा, थेंब पाण्यात टाकून पाहा

दारव्हा, वरुड, चिमूर, विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात जा. अंगावरचे केस काढायच्या वॅक्सचे डबे एकावर एक रचलेले असतात. एकावर मधाचे पोळे, दुसऱ्यावर चॉकलेट, तिसऱ्यावर कोरफड. "माही कातडी लवकर लाल होते, कोणता घेऊ वो ताई?" असे विचारले की दुकानवाली बहुतेक वेळा कोरफडीचा डबा पुढे करते. कोरफड म्हणजे थंड, म्हणजे नाजूक कातडीला चांगली, असा हिशोब. तो चुकीचा आहे. कोरफड, मध, चॉकलेट हे डब्यात नावापुरते असते, नाहीतर नुसता रंग आणि वास असतो. कातडीला काय सोसेल हे ठरते ते चिकटपणा कशातून आणला आहे यावरून, आणि त्या हिशोबाने बाजारात मुख्यत्वे दोनच जाती आहेत.

पहिली साखरेची. साखर, ग्लुकोजचा पाक, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड, कधी थोडे ग्लिसरीन. हे पाण्यात विरघळते. 'हनी वॅक्स' नावाचे स्वस्त डबे बरेचदा याच जातीचे, पण दर वेळी असतीलच असे नाही. दुसरी राळेची. चीडच्या झाडाचा डिंक गाळून जी राळ उरते तिच्यापासून ही बनते, जोडीला पॅराफिनचे तेल आणि वास. ही पाण्याला दाद देत नाही, तेलानेच सुटते. आपल्याकडे एका कंपनीच्या नावावरून तेलाने सुटणाऱ्या सगळ्याच वॅक्सला सरसकट 'रिका' म्हणतात, मग डबा कोणाचाही असो.

डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा. शुगर, सुक्रोज, ग्लुकोज दिसले तर साखरेचे. रोझिन, कोलोफोनी किंवा ग्लिसरिल रोझिनेट दिसले तर राळेचे. काही महाग डब्यांवर राळ नसल्याचे लिहिलेले असते, त्यात कृत्रिम रेझिन वापरतात. आणि सुटे वॅक्स असेल, किंवा लेबल तेलाने पुसून गेले असेल, तर ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब कोमट पाण्याच्या वाटीत टाकून ढवळा. विरघळला तर साखर. गोळी तशीच बसून राहिली तर राळ किंवा रेझिन. या परीक्षेला इंग्रजी यावे लागत नाही.

नाजूक कातडीला यातला फरक कुठे लागतो? राळ ही कातडीच्या ॲलर्जीसाठी डॉक्टर लोकांना चांगलीच माहीत असलेली वस्तू आहे. पट्ट्या लावून ॲलर्जी तपासतात त्या ठरावीक यादीत ती असते. जखमेवर लावायच्या काही चिकटपट्ट्यांतही ती असते, त्यामुळे ज्यांना चिकटपट्टीखाली खाज सुटून चौकोनी लाल डाग उठतो त्यांनी राळेच्या डब्यापासून लांबच राहावे. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावून काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही दिसले नाही म्हणून हातभर लावायला घेऊ नका. दोन ते तीन दिवस थांबा.

तसेच, वॅक्सनंतरची प्रत्येक लाली म्हणजे ॲलर्जी नव्हे. ओढल्याबरोबर येणारी लाली आणि बारीक दाणे काही तासांत, फार तर एका दिवसात बसतात. दोन-तीन दिवसांनी केसांच्या मुळाशी पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या आल्या तर तो जंतूंचा त्रास, बहुधा मळकट पट्टीचा किंवा त्याच दिवशी घातलेल्या घट्ट कपड्यांचा. पण जिथे जिथे वॅक्स लागले नेमकी तेवढीच जागा खाजत असेल, सुजली असेल, तर डबा फेकून द्या. पैसे गेले म्हणून संपवायच्या भानगडीत पडू नका.

एवढे वाचून साखरच घ्यायची असे वाटेल. माझेही पहिले मत साखरेलाच आहे, पण मे महिना वगळून. आपल्याकडचा पारा ४५ च्या पुढे गेला की साखरेचे वॅक्स हातावर टाकताच पाण्यासारखे पसरते, घामावर ते धरत नाही, आणि केस अर्धेच निघतात. मग बाया काय करतात? त्याच जागी पुन्हा लावतात, पुन्हा ओढतात. दर ओढीत केसांबरोबर कातडीचा वरचा बारीक थरही निघतो. एका जागी तीनदा ओढलेली साखर ही एकदा ओढलेल्या राळेपेक्षा जास्त सोलते. म्हणून राळेची ॲलर्जी नसेल तर भर उन्हाळ्यात, विशेषतः काखेच्या जाड केसांना, राळेचे वॅक्स उलट बरे पडते. साखरच वापरायची तर पहाटे, कूलरसमोर, हात कोरडा करून पातळ पावडर लावून. पावसाळ्यात साखरेचे वॅक्स हवेतला ओलावा ओढते, तेव्हा झाकण घट्ट हवे. थंडीत ते दगड होते, पण दगड वितळवता येतो.

वितळवण्याची पद्धत दोन्हीला एकच: पातेल्यात पाणी, पाण्यात डबा. डबा थेट चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नका. राळ पेट घेते, आणि साखर तळाला जळून वर मात्र घट्टच राहते. लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून पाहा. चटका बसत असेल तर थांबा. नाजूक कातडीची निम्मी तक्रार वॅक्सच्या जातीची नसून गरमपणाची असते, असे माझे ठाम मत आहे.

काढून झाल्यावरचा फरक मात्र आपल्या भागात फार जाणवतो. साखरेचा चिकटा नुसत्या कोमट पाण्याने जातो. राळेचा चिकटा खोबरेल तेलाने पुसावा लागतो आणि मग ते तेल साबणाने काढावे लागते. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही, म्हणून ताज्या सोललेल्या कातडीवर घासाघासी होते. तिथे तेल ओल्या मऊ फडक्याने नुसते टिपून घ्या आणि राहिलेले राहू द्या.

खर्चाचे म्हणाल तर घरी केलेल्या साखरेच्या वॅक्सला तोड नाही. एक वाटी साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे पाणी, मंद आच. लिंबू वासासाठी नसते. आंबटपणाने साखर फुटते आणि पाकात पुन्हा दाणे धरत नाहीत, म्हणून ते वगळू नका. रंग मधासारखा झाला आणि पाक गोळीबंद होण्याच्या जरा अलीकडे आला की उतरवा. जास्त घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून परत गरम करा. उकळता पाक सव्वाशे अंशांच्या आसपास जातो आणि अंगावर पडला तर चिकटून राहून भाजतो. लेकरू मधे मधे करत असेल तर हे काम नको. आणि वॅक्सनंतर 'थंड वाटते' म्हणून कच्चे लिंबू चोळू नका. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

पट्ट्या विकत घ्यायची गरज नाही. जुन्या सुती धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या, चार बोटे रुंद. साखरेच्या पट्ट्या गरम पाण्यात स्वच्छ होतात, उकळून उन्हात वाळवा आणि परत वापरा. राळेची पट्टी धुऊन निघत नाही, ती एकदाच, आणि डब्याच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही. बहिणी-बहिणींतही पट्टी एकमेकींची वापरू नका, आणि एकीच्या अंगाला लागलेली काडी परत डब्यात बुडवू नका. ओढताना कधीकधी रक्ताचा ठिपका येतो.

काही वेळा दोन्ही डबे कपाटात ठेवायचे. घामोळ्या किंवा गजकर्ण असेल तेव्हा. कापूस वेचताना बोंडांनी हात ओरखडले असतील तेव्हा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर, आणि बंद केल्यावरही सहा महिने. सगळ्यात जास्त सांभाळायचे ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'गोरे होण्याच्या' ट्यूबचे. त्यातल्या कित्येकींत स्टिरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते, आणि अशा जागी वॅक्स ओढले तर केसांसकट सालही येते. चेहऱ्याला ती ट्यूब लावणारीने वरच्या ओठासाठी धागाच वापरावा, तोही जपून.

फवारणीच्या दिवसांत वॅक्स केल्यावर निदान दोन दिवस फवारलेल्या वावरात जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेनंतर हे औषध कातडीतूनही अंगात जाते हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको, आणि वॅक्सने कातडीचा वरचा थर आधीच पातळ झालेला असतो. निंदणाला जायचेच असेल तर वॅक्स पुढच्या आठवड्यावर ढकला. तोवर केसही थोडे वाढतील, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आखूड केस साखर काय नि राळ काय, दोन्ही नीट धरत नाहीत.