एचबीबी आणि जी६पीडी: दोन्ही रक्ताचेच, पण एक नव्हेत

धडगावकडच्या एका ताईंनी लॅबच्या खिडकीतून दोन चिठ्ठ्या आत सरकवल्या. एकीवर 'सिकल', दुसरीवर 'जी६पीडी'. "दोन्ही रक्ताच्याच ना दादा? मग एकच करा." सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत, त्यामुळे रक्ताचा कुठलाही आनुवंशिक दोष म्हणजे 'सिकलच' असं लोक धरून चालतात.

सिकलचं मूळ एचबीबीत. हा ११व्या गुणसूत्रावरचा जीन. त्यापासून १४६ अमिनो आम्लांची बीटा ग्लोबिन साखळी बनते. अशा दोन आणि अल्फाच्या दोन मिळून हिमोग्लोबिन. ते तांबड्या पेशीच्या पेशीद्रवात ठासून भरलेलं असतं आणि ऑक्सिजन वाहतं, म्हणजे हमालच. साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून काड्या बनतात नि पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल.

जी६पीडी काही वाहत नाही. ते एन्झाइम आहे, जीन एक्स गुणसूत्रावर. म्हणून दोष पुरुषांत जास्त दिसतो. राहतं तेही पेशीद्रवातच, पण शरीरातल्या सगळ्या पेशींत. ते एनएडीपीएच नावाचा मदतनीस रेणू तयार करतं आणि त्याच्या जोरावर पेशी ऑक्सिडीकरणाचा मारा झेलते. मग दोष रक्तातच का उठून दिसतो? इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा असतात. तांबड्या पेशीला ही एकच. शिवाय तिच्यात केंद्रक नाही, त्यामुळे एन्झाइम झिजलं तर नवं बनवायची सोय नाही. घोटाळा होतो तो इथेच: एकाचं घर तांबडी पेशी, दुसऱ्याची फक्त कमजोरी तिथे उघडी पडते.

तपासण्याही वेगळ्या. सिकलच्या सोल्युबिलिटी चाचणीत नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतो. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, ते मात्र यावर कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लागते. जी६पीडीच्या स्पॉट चाचणीत कागदावरचा ठिपका अतिनील दिव्याखाली चमकला तर ठीक, काळवंडलेला राहिला तर कमतरता.

ताईंच्या मुलाला व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया झाला होता, त्यावर प्रायमाक्विन हे औषध द्यायचं होतं. जी६पीडी कमी असताना ते दिलं, तर तांबड्या पेशी भराभर फुटू शकतात. त्याचा सिकलचा रिपोर्ट निगेटिव्ह आला असता, तरी प्रायमाक्विनसाठी त्याचा उपयोग शून्य. दुसरी चिठ्ठी मी आधी घेतली.